उलटलेली दारूबंदी

चंद्रपूरची दारूबंदी सहा वर्षं टिकली. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यातली देशी दारूची दुकानं आणि बार बंद झाले. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली आणि जुलैत शटर पुन्हा वर गेली. एका बारमालकाने तर तेव्हाचे पालकमंत्री विजय वडेट्टीवार यांच्या फोटोची आरती केली आणि त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. वैनगंगेच्या पलीकडे, १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या गडचिरोलीत मात्र १९९३ची बंदी अजून कायम आहे.

दोन्हीकडे आधी आंदोलन झालं, त्यात बायका पुढे होत्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले, त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या संघटनांना जोडत दारूमुक्तीचं आंदोलन वाढत गेलं. सरकारचा आदेश आला, तो त्यानंतर.

या भागात दारूचा विषय काढला की मोहापाशी थांबावंच लागतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि अख्खं घर टोपल्या घेऊन जंगलात जातं. फुलं वाळवून खातात, विकतात, बियांचं तेल काढतात. गोंड-माडियांच्या देवकार्यात, लग्नात, मरणात मोहाच्या दारूला जागा आहे. पूजेत देवापुढे शिंपडलेली दारू आणि नाक्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून विकली जाणारी दारू यांत लोक फरक करतात. संघटनांचा रोख मुख्यतः विक्रीवर राहिला.

चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने ही मागणी लावून धरली. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून पायी निघाल्या, त्या थेट नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. ग्रामपंचायतींचे ठराव आले, पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा अहवालही आला. तरी निर्णयाला २०१५ उजाडलं. तेव्हा सरकार बदललं होतं आणि चंद्रपूरचेच सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री होते.

दुकानं बंद झाली, पण पिणाऱ्यांचं काय करायचं याची तयारी त्या मानाने फारच तोकडी होती. शेजारच्या यवतमाळ-नागपुरात आणि तेलंगणात दारू खुली होती. तिथून माल येऊ लागला, चढ्या भावाने विकला जाऊ लागला. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारू तस्करांची गाडी अडवायला गेले आणि त्याच गाडीखाली चिरडले गेले. पुढे निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बंदीचा आढावा घेतला. अवैध विक्री, वाढलेली गुन्हेगारी आणि बुडालेला महसूल ही कारणं पुढे करून सरकारने बंदी गुंडाळली.

गडचिरोलीतही चोरटी दारू कधीच थांबली नाही. तिथे वेगळं झालं ते २०१६ नंतर. राज्य सरकार, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू केलं आणि बंदीची राखण गावाच्या हाती आली. हे काम चिकाटीचं आहे. नाल्याच्या काठी झुडपांत ड्रम पुरलेले असतात, त्यांत मोहफुलं आणि गूळ भिजत पडलेला असतो. हा ‘सडवा’. आंबूस वासावरून बायका तो हुडकतात, काठीने खणून काढतात आणि जागच्या जागी ओतून देतात. विक्रेता काही दिवसांनी दुसऱ्या वळणावर ड्रम पुरतो. बायका पुन्हा निघतात.

पिणाऱ्याचंही तसंच आहे. महिना-दोन महिने थेंबाला न शिवलेला माणूस पोळ्याला किंवा भाच्याच्या लग्नात एक पेला घेतो आणि चार दिवसांत जुन्या वाटेला लागतो. घरचे म्हणतात, याला लाजच नाही. व्यसन उपचारातले डॉक्टर याला आजाराचाच भाग मानतात, कारण मेंदूला लागलेली ओढ शरीरातली दारू उतरली म्हणून जात नाही. म्हणून ‘मुक्तिपथ’ने तालुक्याच्या ठिकाणी दवाखाने चालवले, गावात शिबिरं घेतली. पुन्हा प्यायला लागलेल्याला तिथे पुन्हा औषध मिळतं आणि घरच्यांनाही समजावलं जातं. चंद्रपुरात २०१५ साली बंदीच्या जोडीला अशी यंत्रणा गावपातळीवर उभी नव्हती.

चंद्रपूरची बंदी उठल्यावर गडचिरोलीचं राखणीचं काम वाढलं. सावली तालुक्यातल्या व्याहाडहून वैनगंगेवरचा पूल ओलांडला की गडचिरोली लागते, आणि आता पुलाच्या अलीकडे विक्री कायदेशीर आहे. गंमत अशी की दोन्ही तीरांवर कायदा एकच, १९४९ चा दारूबंदी अधिनियम. त्याच्याच आधारे एका जिल्ह्यात विक्रीचे परवाने मिळतात आणि दुसऱ्यात विकणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो.