जुन्या तारांची साक्ष

बेळगावच्या टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही दाखविली जाते. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. अशा जुन्या वास्तूचा अभिमान बाळगणे योग्यच होय. परंतु ‘जुने ते सोने’ ही म्हण घरातील विजेच्या तारांना लागू पडत नाही.

१९१० साली भारतीय विद्युत् कायदा झाला. त्या काळी तांब्याच्या तारेवर गंधक मिसळून पक्के केलेले रबर चढवीत, त्यावर सुती वेष्टन विणीत आणि ती तार लाकडी पट्टीच्या खाचेत बसवून वर झाकण ठोकीत. गंधकाने तांबे बिघडते, म्हणून तारेला कल्हई करीत. पुढे सागवानी पट्टीवर उघड्या धावणाऱ्या रबरी तारा आल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू प्लॅस्टिकच्या वेष्टनाने रबराची जागा घेतली. तारेच्या टोकाशी तांबे रुपेरी दिसले, तर ती बहुधा रबरी पिढीतली, असे जाणकार ओळखतात.

रबर हवेने आणि उष्णतेने वाळते, तडकते, अखेर भुगा होऊन गळते. तरीही दिवा लागतच राहतो आणि घरधनी निश्चिंत असतो. येथेच फसगत होते. तारेची कामे दोन: वीज नेणे आणि तिला कोंडून ठेवणे. दिवा साक्ष देतो ती पहिल्या कामाची. दुसऱ्याविषयी तो मुका असतो.

शिवाय भारही बदलला. ४० वॅटच्या दिव्याला २३० व्होल्टवर पाव अँपिअरही लागत नाही. २००० वॅटच्या गीझरला जवळजवळ ९ अँपिअर लागतात. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. अशा वेळी वारंवार वितळणाऱ्या फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपविणे होय.

आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी पुष्कळ घरांत दोन्ही तारांवर फ्यूज असे. न्यूट्रलचा फ्यूज आधी वितळला, तर दिवा विझतो. पण तार जिवंतच राहते. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी न्यूट्रलवर असा स्वतंत्र फ्यूज ठेवण्यास मनाई केली. त्याच वर्षी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. नियम बदलले, राज्य बदलले. भिंतीतील तारा मात्र कित्येक ठिकाणी होत्या तशाच राहिल्या.

मग निर्णय कसा करावा? मुख्य स्विच बंद करून परवानाधारक तारतंत्र्याकडून मेगरने ५०० व्होल्टवर वेष्टनाची रोधशक्ती मोजून घ्यावी, भूयोजन तपासावे, ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे साधन बसवावे. रबर ठिसूळ झाले असेल, तर ठिगळ न लावता सर्व तारा बदलाव्यात. कारण जुनी तार जोडासाठी वाकविताच उरलेले वेष्टनही गळून पडते.

बेळगावचा पावसाळा दीर्घ असतो. ओल भिंतीत शिरते आणि उघड्या पडलेल्या तारेला वाट करून देते. म्हणून ही परीक्षा मृगापूर्वी झालेली बरी.