मागच्या चाकांचं कुलूप

फोर व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली म्हणजे चारही चाकं ओढणार, हा समज पहिल्या दमदार पावसातच गळून पडतो. शेताच्या वाटेवर गाडी तिरकी अडकते. पुढचं एक आणि मागचं एक चाक जागच्या जागी गरगरतं, चिखल उडतो आणि उरलेली दोन चाकं घट्ट जमिनीवर असूनही ढिम्म उभी राहतात. इंजिनात ताकद असते, टायर नवे असतात, तरी गाडी हलत नाही. याचं मूळ दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अतिशय हुशार शोधात आहे. मागच्या ॲक्सलला कुठला लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारं कुलूप, बसवायचा हे ठरवण्याआधी त्याचं कूळ जाणून घेतलं, तर जाहिरातींमुळे होणारा गोंधळ बराच कमी होतो.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिची चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढायला बैल पुढे असतात. चाकांनीच गाडी ओढायला सुरुवात केली तेव्हा अडचण उभी राहिली. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर गाडीने एक पूर्ण गोल मारला की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 9.4 मीटर जास्त चालतं. गोल लहान असो की मोठा, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली असतील तर हे नऊ मीटर टायर घासून किंवा दांडा पिळून वसूल होतात.

यावर उपाय काढला ओनेझिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने. पॅरिसच्या तंत्रविद्येच्या राष्ट्रीय संस्थेत तो काम करत असे. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याने 1827-28 च्या सुमारास डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. दातेरी चाकांचे असे खेळ घड्याळांत आधीपासून होते; त्याने ते रस्त्यावर आणले. पुढे 1877 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने हीच युक्ती तीनचाकी सायकलला लावली आणि तिथून ती मोटारीत आली.

डिफरन्शियलचं हाउसिंग उघडून पाहिलं तर आतला मामला सुंदर आहे. इंजिनाकडून फिरणारा छोटा पिनियन गिअर मोठ्या क्राऊन गिअरला फिरवतो, क्राऊनबरोबर त्याला जोडलेली पेटी फिरते. पेटीत आडव्या पिनवर छोटे स्पायडर गिअर आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक साइड गिअर, ज्यांतून चाकांकडे जाणारे ॲक्सल शाफ्ट निघतात. सरळ रस्त्यावर स्पायडर आपल्या पिनवर फिरतच नाहीत, सगळी पेटी एकजीव होऊन फिरते. वळण आलं की ते हलकेच फिरतात आणि एका चाकाचा कमी झालेला वेग दुसऱ्याला देतात. वेग वाटून घेण्याची मुभा आहे, जोर मात्र दोन्हीकडे समानच जातो. घात होतो तो इथे. चिखलातल्या चाकाला फिरायला जेमतेम जोर लागतो, म्हणून कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच जेमतेम जोर मिळतो. बाकीची ताकद वापरलीच जात नाही.

कुलपाची गरज वाफेच्या इंजिनांच्या काळातच कळली होती. शेतावरच्या जड ट्रॅक्शन इंजिनांना पिन घालून डिफरन्शियल जखडण्याची सोय असे. तीच सोय ट्रॅक्टरवर पायाखाली आली, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला डिफ-लॉक माहीत आहे तो तिथूनच. भाताच्या खाचरात चिखलणी करताना मागचं एक चाक खोल जाऊन नुसतं फिरू लागलं की चालक पेडल दाबतो, दोन्ही चाकं एक होतात, ट्रॅक्टर उचल खातो. बांधापाशी वळण्याआधी पाय काढायचा, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. पेडल नसेल तर फिरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबायचा, म्हणजे दुसऱ्याला जोर मिळतो. आजच्या गाड्यांमधलं ट्रॅक्शन कंट्रोल सेन्सर लावून हेच करतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीसाठीच जन्मलेल्या उनिमोग या गाडीने पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलना डिफ-लॉक दिले. ही झाली कुळाची थोरली पाती: कुलूप चालकाच्या हाती.

धाकटी पाती आपणहून काम करणाऱ्यांची, आणि तिचा एक धागा थेट शर्यतीच्या मैदानातून येतो. फर्डिनांड पोर्शेने आखलेल्या आउटो उनियनच्या रेसिंग कारमध्ये इतकी ताकद होती की ताशी 160 किलोमीटर वेगापर्यंत एक मागचं चाक घसरतच राही. 1935 मध्ये पोर्शेने झेडएफ या कंपनीकडून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल करून घेतलं. ते घसरणीला आवर घालतं, पण पूर्ण जखडत नाही. चाक हवेत लटकलं की त्याचा उपयोग फारच थोडा.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट लॉकरने उलटा विचार केला: चाकं मुळातच जखडलेली, वळणावर बाहेरचं चाक पुढे पळू लागलं की तेवढ्यापुरते दाते सुटतात. मजबुतीला तोड नाही. पण दाते पुन्हा बसताना खाडकन आवाज होतो, आणि रिकाम्या पिकअपची शेपूट ओल्या घाटात बाजूला निसटू शकते. रोजच्या वापराच्या गाडीला मी तो लावणार नाही.

ईटन कंपनीने 1973 मध्ये जनरल मोटर्सच्या पिकअपसाठी मधला मार्ग काढला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, एक खिट्टी अडकते, क्लचप्लेट दाबल्या जातात आणि कुलूप लागतं. ताशी 30-32 किलोमीटरच्या वर ते लागत नाही. 2015 च्या सुधारित महिंद्रा थारला याच जातीचं डिफरन्शियल मिळालं, आणि नाशिकला बनणाऱ्या 2020 च्या थारमध्येही ते आलं.

थोरली पातीही वाढतच होती. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात एअर लॉकर आला: छोटा कॉम्प्रेसर, हाउसिंगमध्ये जाणारी बारीक नळी, आणि हवेच्या दाबाने सरकून साइड गिअरला पेटीशी जखडणारी कॉलर. मग हवेच्या जागी विजेचं चुंबक किंवा मोटर आली. टोयोटा हायलक्सच्या डॅशबोर्डवरचं बटण याच घराण्यातलं.

म्हणून निवडताना पहिला प्रश्न ब्रँडचा नसून गाडी कोण चालवणार हा आहे. रोज वेगळा ड्रायव्हर बसत असेल तर आपणहून लागणारा ईटनसारखा लॉकर बरा. चाक आधी थोडं घसरल्याशिवाय तो जागा होत नाही, एवढी त्याची मर्यादा सोसावी लागते. गाडी स्वतःच्या हातात असेल तर बटणाचाच घ्यावा. चढावर चाक टाकण्याआधीच कुलूप लावता येणं, ही सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते. टायरची हवा कमी-जास्त करायला कॉम्प्रेसर लागणारच असेल तर एअर लॉकर, नाहीतर वायरीवरचा सोपा.

आधी मागचाच का, तर चढावर आणि लादलेल्या गाडीत भार मागे येतो. शिवाय पुढचा जखडला की स्टिअरिंग वळता वळत नाही.

ऑर्डर देण्याआधी ॲक्सलचं मॉडेल, शाफ्टवरचे दाते आणि क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर नक्की करावं. उदाहरणार्थ, डाना 44 ॲक्सलला 3.73 गुणोत्तरापर्यंत एक पेटी बसते आणि 3.92 पासून दुसरी. शाफ्टही तपासून घ्यावेत, कारण लॉक लावल्यावर सगळा जोर एकट्या शाफ्टवर येऊ शकतो. बाहेर कडक रस्ता लागला की वळण्याआधी लॉक काढायचा. बटण बंद करूनही डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा विझत नसेल तर दाते ताणात अडकलेले असतात. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी मागे-पुढे घेतली की ते सुटतात.