अंगण आणि खोली

परवा डहाणूला मावशीकडे गेले होते. घरच्यांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगते: मावशी एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होती, आता घरीच असते. बोलता बोलता मी म्हटलं, "ताराबाईंच्या अंगणवाडीचं सरकारनं पार खिचडी-केंद्र करून टाकलं गं." ती काही बोलली नाही. चहाचा कप मात्र जरा आदळूनच ठेवला.

मग घरी येऊन नीट वाचायला घेतलं.

ताराबाई मोडक म्हणजे गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघही तेव्हाच तिथे आल्या. बालवाडी सुरू झाली, पण पाड्यांवरची वारली मुलं येईनात. येणार कशी? धाकटं भावंडं कडेवर, नाहीतर गुरांमागे रानात. तेव्हा शाळाच पाड्यावर न्यायची ठरली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी-गोष्टी. माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. अशा एकाच भागात दोन तऱ्हा झाल्या. मध्यवर्ती बालवाडीत मूल चालत जायचं, अंगणवाडीत शाळा चालत यायची. १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. तिथे तर गुराख्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली. गुरं चरताहेत आणि गुराखी शिकताहेत! मला ही कल्पना भारीच आवडते.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी प्रयोग म्हणून सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचं नाव झालं अंगणवाडी. कामं सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण. म्हणजे शिकवणं सहातलं एक. अंगणाची हळूहळू खोली झाली, खोलीत वजनकाटा आला, रजिस्टरं आली.

इथवर वाचून मला वाटलं, माझंच बरोबर! तसा फोन केला. मावशी म्हणाली, "तुझ्या ताराबाईंनी तरी आधी काय केलं? पोरं धुतलीच ना? उपाशी पोराला गाणं शिकवून बघ एकदा."

मी गप्प.

फरक आहे, पण मी समजत होते तिथे नाही. खाऊ घालण्यानं शाळा बिघडली नाही. बोर्डीच्या बाईंचं सगळं लक्ष मुलांवर असायचं. मावशीजवळ एक मदतनीस आणि सहा कामं. त्यात गरोदर बायांच्या घरी फेऱ्या, वर नोंदी. आणि हे सगळं पगारावर नव्हे, मानधनावर! सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते थेट एप्रिल २०२२ मध्ये.

रविवारी पुन्हा गेले. तिनं फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत चिंचोके, शिंपले, हाताळून गुळगुळीत झालेले. "गणती यावरच व्हायची आमची," म्हणाली. "कधी? रजिस्टरं भरून झाल्यावर?" मी विचारलं.

"छे गं. खिचडी शिजेपर्यंत."