पाहुण्यांचे गुणपत्रक

विदर्भाच्या क्रिकेट संघाविषयी यवतमाळात बोलणे निघाले की एक शब्द हटकून येतो: 'बाहेरचा'. मोसम सुरू होण्याआधी कोण आला, कोण गेला, याची यादी चहाच्या टपरीवर तोंडपाठ असते. बाद फेरी जवळ आली की त्या यादीला गुण दिले जातात. अमक्याला दहापैकी आठ, तमक्याला तीन, आणि निवड समितीला बहुधा शून्य. आम्ही मास्तर माणसे. उत्तरपत्रिका तपासून थकलेली. तरीही या गुणदानात हिरिरीने भाग घेतो, कारण इथे फेरतपासणीचा अर्ज कोणी करत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक संघांना मोसमाच्या मध्यावर, ठरावीक तारखेपर्यंत, खेळाडूंची अदलाबदल करता येते आणि मग त्यांचे चाहते त्या व्यवहारांना श्रेणी देतात. रणजी करंडकाची रीत निराळी. आपल्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन खेळाडू मोसमाआधी दुसरीकडे जातो. प्रत्येक संघाला असे तीन खेळाडू घेता येतात. कागदोपत्री त्यांना 'व्यावसायिक' म्हणतात, बोलताना 'पाहुणा'. एकदा मोसम लागला की बाद फेरीआधी संघात जो फरक पडतो तो राष्ट्रीय संघाच्या वेळापत्रकामुळे. तिकडून सुटलेला गोलंदाज इकडे येतो, किंवा इकडचा तिकडे जातो. व्यवहाराची पद्धत वेगळी असली तरी चाहत्यापुढचा पेच सारखाच आहे: जे अजून घडायचे आहे त्याला आज गुण कसे द्यायचे? आणि ज्याला गुण द्यायचे तो आपला की परका?

हा पेच आजचा नाही. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे. 1923 साली तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले आणि पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघ रणजीतला बलाढ्य संघ झाला. 1945-46 ते 1952-53 या काळात त्या संघाने चार वेळा करंडक जिंकला. सांगलीचे विजय हजारे बडोद्याचे झाले. संस्थानिक खेळाडूला नोकरी देत, हुद्दा देत, आणि खेळाडू त्या संस्थानाचा होऊन जाई. पण या साऱ्या पाहुण्यांत विलक्षण म्हणावा असा एकच. दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने महूच्या छावणीत आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन 1944-45 च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून मुंबईविरुद्ध उतरला आणि चौथ्या डावात नाबाद 249 धावा करून गेला. होळकर संघ हरला. त्या पाहुण्याला किती गुण द्यावेत? निकाल पाहिला तर शून्य, डाव पाहिला तर पैकीच्या पैकी. नायडूंविषयी मात्र गंमत अशी की, 'आमचा माणूस इंदूरने नेला' अशी खंत विदर्भात सहसा ऐकू येत नाही. नागपूर त्यांना अजूनही आपलेच मानते आणि इंदूरही.

त्या काळात यवतमाळ मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होते आणि संघही त्याच नावाचा होता. 'विदर्भ' हे नाव घेऊन संघ रणजीत उतरला तो 1957-58 साली. त्यानंतरच्या सहा दशकांवर फार लिहिण्यासारखे नाही. महाराष्ट्र राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ. त्यांपैकी तिसऱ्याची गणना बहुतेक वर्षे कच्च्या लिंबूत. (याच मांडणीमुळे नागपूरचा मुलगा पुण्याच्या संघाकडून खेळू लागला की 'तो महाराष्ट्रात गेला' असे चमत्कारिक वाक्य आम्ही अगदी सहज बोलतो.) करंडक हे आपले काम नव्हे, आपले काम मोठ्या संघांना सराव देण्याचे, ही भावना इतकी मुरली होती की पाहुणे आणण्याचा खर्चही अनेकांना उधळपट्टी वाटे.

अशा काळात 2014-15 साली कर्नाटकातून गणेश सतीश आला आणि 2015-16 मध्ये मुंबईचा वसीम जाफर. जाफरचे वय तेव्हा 37. भारतीय संघातली त्याची कारकीर्द केव्हाच संपलेली. 2016-17 चा मोसम दुखापतीत गेला. टपरीवरच्या गुणपत्रकात त्याची अवस्था काय असेल, हे सांगायला नको. 'मुंबईने वापरून टाकलेले आम्ही विकत घेतो' हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे, आणि खोटे कशाला सांगू, मान डोलावलीही आहे. 2017-18 मध्ये तो मानधन न घेता खेळला. आदल्या वर्षी न खेळता पैसे मिळाले होते, त्याची ही परतफेड. प्रशिक्षक म्हणून आलेले चंद्रकांत पंडित तेही मुंबईचे.

त्या मोसमातला उपांत्य सामना कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध झाला. विदर्भ पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने सामन्यात बारा बळी घेतले. अंतिम सामना इंदूरला होता, आणि नेमका तेव्हाच उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत. बाद फेरीच्या ऐन शेवटच्या पायरीवर संघातला सर्वांत वेगवान गोलंदाज गेला. त्याच्या जागी आदित्य ठाकरे हा अकोल्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याने तोवर प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नव्हता. या बदलाला त्या दिवशी कोणी पाचाच्या वर गुण दिले असतील असे वाटत नाही. दिल्लीला पहिल्या डावात 295 धावांत गुंडाळताना गुरबानीने हॅटट्रिक केली. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133, आदित्य सरवटेने 79 धावा केल्या आणि 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. विजयाचा चौकार जाफरच्या बॅटमधून निघाला. तो होळकरांच्याच नावाच्या मैदानावर निघाला, हा योगायोग मला अधिक भावला. नागपूरचा नायडू जिथे गेला, तिथूनच करंडक नागपूरला आला.

दुसऱ्या दिवसापासून जाफर 'आपला' झाला. हे रूपांतर इतके झटपट झाले की कालचे गुणपत्रक कोणी फाडले हेही कळले नाही. चाहत्याचे गुणदान म्हणजे मूल्यमापन असते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः तो आपलेपणाचा हिशेब असतो, आणि तो हिशेब निकालानंतर मागच्या तारखेने लिहिला जातो. साहित्याच्या इतिहासातही हे घडते हे वाचकांना वेगळे सांगायला नको. उपेक्षित कवीला पुरस्कार मिळाला की त्याचे जुने टीकाकार त्याचे बालमित्र निघतात.

पाहुणेपणाचा प्रश्न यवतमाळात पुढच्याच हिवाळ्यात निराळ्या वेशात आला. 11 ते 13 जानेवारी 2019 या दिवसांत इथे 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठीच्या मांडवात कशाला, असा विरोध झाला आणि निमंत्रण मागे घेतले गेले. अनेकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. उद्घाटन अखेर याच जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी त्या व्यासपीठावर बोलली, ते संमेलनातले लक्षात राहण्यासारखे भाषण ठरले. म्हणजे घरच्या माणसाने मैदान राखले. पण तेवढ्याने पाहुण्याला दारातून परत पाठवल्याचा डाग पुसला गेला नाही. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, हे त्या आठवड्यात समजावून सांगणे अवघड जात होते. 1973 साली याच गावात संमेलन भरले तेव्हा अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, माणदेशातून आलेल्या त्या माणसाला वऱ्हाडात कोणी बाहेरचा म्हटले नव्हते.

संमेलनाचा मांडव उतरतो न उतरतो तोच नागपुरात जाफरने उत्तराखंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात 206 धावा केल्या. चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसाने त्या मोसमात हजाराहून अधिक धावा जमवल्या. वायनाडला उपांत्य सामन्यात उमेश यादवने केरळचे बारा बळी घेतले. या वेळी राष्ट्रीय संघाने त्याला सोडले होते. गुणपत्रकात सगळीकडे दहापैकी दहा.

आणि अंतिम सामना? फेब्रुवारीत जामठ्याला, सौराष्ट्राविरुद्ध. दोन्ही डाव मिळून एकाही पाहुण्याचे अर्धशतक नाही. पहिल्या डावात संघ अडचणीत असताना नाबाद 73 धावा काढून धावसंख्या 312 पर्यंत नेली ती अक्षय कर्णेवारने. हा पांढरकवड्याचा मुलगा, दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा. पांढरकवडा आणि जामठा एकाच महामार्गावर आहेत, पण मधले अंतर पार करायला यवतमाळ जिल्ह्याला साठ वर्षे लागली. आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले. त्यांत चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत. विदर्भ 78 धावांनी जिंकला.

पाहुण्याने अडवलेली जागा हा टपरीवरचा सर्वांत जुना आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. तीन पाहुणे म्हणजे तीन स्थानिक मुले बाहेर. त्या मुलांची नावे कोणत्याच धावफलकावर येत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब होत नाही. जाफरला गुण देताना तो वजा करायलाच हवा. पण त्याच्यासमोर कर्णेवारची ती खेळीही मांडावी लागते. मोठ्या सामन्यात टिकून कसे राहायचे, हे त्या मुलांनी कोणाला जवळून पाहून शिकले? हे गुण पाहुण्याच्या खात्यात लिहायचे की मुलाच्या, याला माझ्याजवळ उत्तर नाही. परीक्षेत असा प्रश्न मी विचारणार नाही.

पुढच्या वर्षांत यादी उलटी फिरली. 2023-24 मध्ये कर्नाटकाने दूर ठेवलेला करुण नायर आणि दिल्लीचा ध्रुव शोरी विदर्भात आले. संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून 169 धावांनी हरला. 2024-25 मध्ये गुरबानी महाराष्ट्राकडे गेला, सरवटे केरळकडे. आता आम्ही पाहुणे पुरवू लागलो होतो, आणि टपरीला ते आवडले नाही. अंतिम सामना जामठ्याला, समोर केरळ. गोलंदाज पार्थ रेखडेला सलामीला आणि दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्याचा प्रयोग झाला. रेखडे शून्यावर गेला, नळकांडे एका धावेवर. 3 बाद 24. त्या तासाभरात संघ व्यवस्थापनाला मिळालेले गुण इथे छापण्याजोगे नाहीत. मग नायर आणि नागपूरचा दानिश मालेवार यांनी दोनशेहून अधिक धावांची भागीदारी केली. मालेवार 153, नायर 86. नळकांडेने तीन बळी घेतले आणि दुसऱ्या डावात खाली येऊन नाबाद 51 केल्या. प्रयोग फसला होता, खेळाडू फसला नव्हता.

केरळच्या डावात सरवटे उभा राहिला. सात वर्षांपूर्वी इंदूरच्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी त्याने 79 धावा केल्या होत्या. विदर्भाविरुद्धही त्याने 79 च केल्या. आमच्या टपरीवर त्या दिवशी दोन तट पडले. एकाचे म्हणणे, गद्दार. दुसऱ्याचे म्हणणे, पोरगा आपलाच, म्हणून तर इतका टिकला. केरळचा डाव 342 वर संपला, विदर्भाला 37 धावांची आघाडी मिळाली, दुसऱ्या डावात नायरने 135 केल्या आणि सामना अनिर्णित राहून करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला.

पुढच्या मोसमाआधी नायर कर्नाटकात परतला. टपरीवर नवी यादी झाली. त्याच्या नावापुढे कोणीतरी 'गेला' असे लिहिले होते. दुसऱ्या कोणीतरी ते खोडून 'घरी गेला' असे केले. करंडक जिंकणाऱ्या त्या अकरांत पांढरकवड्याचा कर्णेवारही होता. त्याला किती गुण, ते मात्र कोणी लिहिलेच नव्हते.