बेस सगळ्यांना हवा, बेसवाला कोणाला माहीत?

आमच्या गणेशपुरी-वज्रेश्वरी पट्ट्यात लग्नसराईत डीजे सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. "बेस वाढव रे!" हे वाक्य इथल्या लहान पोरालाही येतं. पण वरातीत कोणालाही थांबवून विचारा, बेस गिटार वाजवणाऱ्या एका माणसाचं नाव सांग. नाही सांगता येणार. आजचा एपिसोड त्या नावांबद्दल आहे.

आधी एक विनंती, हेडफोन लावा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा आवाज धड काढताच येत नाही. तरी गाणं अगदीच पोकळ वाटत नाही, कारण त्याच तारेतून निघणारे वरचे सूर ऐकून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. थोडक्यात, मोबाइलवर गाणं ऐकताना बेसवाल्याचं अर्धं काम तुम्हीच करत असता.

हे वाद्य तसं तरुण आहे. आधी माणसापेक्षा उंच असा डबल बेस असायचा, उभं राहून वाजवायचा. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने गिटारसारखा गळ्यात अडकवता येणारा 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, बीटल्सचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ बँड सोडून गेला आणि ते काम पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. पॉल गायचा म्हणून स्टार झालाच. पण 'क्वीन'चा जॉन डिकन बघा. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतलेला, स्टेजवर मागे उभा राहणारा गडी. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याने लिहिलंय, आणि त्या गाण्यातला बेस काढला तर उरतं काय? आम्हा बॅकएंडवाल्यांना हा माणूस फार जवळचा वाटतो.

खरी चटका लावणारी गोष्ट जेम्स जेमरसनची. डेट्रॉइटच्या 'मोटाऊन' कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी हिट गाण्यांमध्ये बेस याचा. तो उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. जग त्या तालावर नाचलं, पण रेकॉर्डच्या कव्हरवर वादकांची नावंच नसायची. १९७१ मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बमवर त्याचं नाव छापून आलं, तोपर्यंत त्याची उमेदीची वर्षं सरत आली होती. १९८३ मध्ये तो गेला.

आता मुंबईत या. इथेही तेच, फक्त कव्हरवरची नावं वेगळी. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेले, हॉटेलांमधल्या जॅझ बँडमध्ये तयार झालेले. आर. डी. बर्मनच्या गाण्यांत बेस गिटार धरणारे टोनी वाझ त्यांच्यापैकीच एक. रेकॉर्डिंग झालं, मानधन घेतलं, घरी गेले. कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. आज स्ट्रीमिंग ॲपवर जुन्या गाण्याचे क्रेडिट्स उघडा, बहुतेक वेळा तेवढीच नावं दिसतील. मला यातला आळस खुपतो. डेटाबेसमध्ये एक रकाना वाढवायला काही लागत नाही. तो भरायचा तर जुन्या माणसांकडे जाऊन बसावं लागतं, आणि ती माणसं कमी होत चाललीत.

याच ऑर्केस्ट्रांमध्ये चरणजीत सिंग नावाचे वादक होते. बेस गिटार, स्टील गिटार आणि नवीन निघेल ते इलेक्ट्रॉनिक वाद्य, सगळं वाजवायचे. त्याच सुमारास जपानच्या रोलंड कंपनीने टीबी-३०३ नावाचं छोटं चंदेरी यंत्र काढलं. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. हेतू सरळ होता. गिटारवाल्याला सरावासाठी बेसवाला मिळाला नाही, तर हे यंत्र लावा. म्हणजे बेसवाल्याची सुट्टी! पण त्याचा आवाज खऱ्या बेससारखा अजिबात नव्हता आणि ते बाजारात आपटलं.

गंमत बघा, ते यंत्र एका बेसवाल्यानेच हातात घेतलं. १९८२ मध्ये चरणजीत सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग रेकॉर्ड केले. भैरवी, ललत, मालकंस, यमन, मेघ मल्हार. तबला नाही, खाली डिस्कोचा ठेका. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. इंजिनिअर तिला स्लाइड म्हणतो, आपल्या कानाला ती मींडेची चुलत बहीण वाटते. एचएमव्हीने 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाने रेकॉर्ड काढली. कोणी फारशी घेतली नाही.

पुढे शिकागोच्या पोरांनी तेच पडेल यंत्र सेकंडहँड उचललं. 'फ्यूचर' या ग्रुपचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये आलं आणि 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार जगभर पसरला. मग एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजीत सिंगांची ती जुनी रेकॉर्ड सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि लोक चाट पडले. हे शिकागोच्या पाच वर्षं आधी? मुंबईत? "ॲसिड हाउसचा शोध भारतात लागला" असं काहीजण बिनधास्त लिहितात, ते मला पटत नाही, कारण शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकून काही केलं नव्हतं. एकच यंत्र, दोन शहरं, दोन वेगळे कान. पण सत्तरीच्या घरातले चरणजीत सिंग युरोपात स्टेजवर उभे राहिले आणि पोरं त्यांच्या नावाने तिकीट काढून आली. २०१५ मध्ये ते गेले.

बँडचा चेहराच बेसवाला, असंही आपल्याकडे झालंय. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चा राहुल राम बेस वाजवता वाजवता गातो. परदेशातून पीएचडी करून आलेला हा माणूस नर्मदा बचाओ आंदोलनात गेला, आणि 'मा रेवा' हे गाणं त्याच खोऱ्यातून बँडमध्ये आलं. आपल्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याला लागून वाहते तीच ही नर्मदा.

आणि मुंबईची मोहिनी डे. जन्म १९९६. वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक, आई गायिका. तिसऱ्या वर्षी वडिलांकडे शिकायला बसली, शाळकरी वयात ड्रमर रणजित बारोटबरोबर स्टेजवर, मग ए. आर. रहमानबरोबर. तिचं वाजवणं नीट ऐका, बोटं तबल्याचे बोल म्हणतायत असं वाटतं. २०१९ मध्ये जपानच्या 'बीझ' या तुफान लोकप्रिय रॉक जोडीच्या टूरवर बेस तिचा. २०२४ मध्ये विलो स्मिथच्या 'टायनी डेस्क' कार्यक्रमात तीच. त्या मधल्या काळात, २०२३ मध्ये, तिने स्वतःचा अल्बम काढला. त्याचं नाव 'मोहिनी डे'. कव्हरवर बेसवालीचं नाव शोधावं लागत नाही. हेडफोन कानात आहेतच, तर एपिसोड संपल्यावर तोच लावा.