खाण बंद पडल्यावर

१९८२ हे साल मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे काय झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या एका डोंगरी गावातही अशीच अवकळा आली होती. त्या गावाचं नाव लेडव्हिल. आज जगभरातले हौशी सायकलस्वार या गावाचं नाव आदराने घेतात. आपल्याला मात्र ते फारसं परिचित नाही, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

लेडव्हिल समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे तिथली माणसं कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर घरं बांधून राहतात. इतक्या उंचावर माणूस हवा खायला गेला नव्हता, चांदीसाठी गेला होता. १८७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे चांदी सापडली आणि बघता बघता शहर उभं राहिलं. १८८० च्या जनगणनेत तिथे चौदा हजारांहून अधिक वस्ती नोंदली गेली. १८९३ मध्ये सरकारने चांदीची खरेदी थांबवली, भाव कोसळले आणि शहराची रया गेली.

त्यानंतर गावाला तारलं ते मॉलिब्डेनम नावाच्या धातूने. हा धातू मिसळला की पोलाद कणखर होतं. तोफा, रणगाडे, यंत्रं अशा सगळ्यांसाठी त्याची गरज. लेडव्हिलजवळची क्लायमॅक्स ही खाण एके काळी जगातल्या मॉलिब्डेनमचा मोठा वाटा एकटी पुरवत असे. बाप खाणीत, मुलगा खाणीत, असं पिढ्यान्पिढ्या चाललं. मग पोलाद उद्योगात मंदी आली आणि १९८२ मध्ये खाणीने दार लावून घेतलं. तीन हजारांहून अधिक माणसांची रोजी एका फटक्यात गेली. त्या एवढ्याशा गावात दुसरा धंदाच नव्हता.

माझे मामू मुंबईत लालबागला साचाखात्यात होते. संपानंतर ते गावी परतले, ते कायमचेच. मी तेव्हा शाळेत होतो. दिवसभर उभं राहून काम करायची सवय झालेला माणूस ओट्यावर नुसता बसून राहतो, तेव्हा घरातली बाकीची माणसं हळू आवाजात बोलू लागतात, एवढं मला आठवतं. त्यामुळे लेडव्हिलबद्दल प्रथम वाचलं तेव्हा मला त्यातला डोंगर परका वाटला, पण माणसं परकी वाटली नाहीत.

केन क्लाउबर हे त्या खाणीतलेच एक कामगार. त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद होता. जिम बुटेरा नावाच्या धावपटूच्या डोक्यात डोंगरातून शंभर मैल धावण्याच्या शर्यतीची कल्पना होती, ती क्लाउबर यांनी उचलून धरली. त्यामागे त्यांचा हिशेब अगदी साधा होता. पाच-दहा मैलांची शर्यत असेल तर लोक येतील, धावतील आणि संध्याकाळी परत जातील. शर्यत शंभर मैलांची असेल, तर माणसाला गावात मुक्काम करावाच लागेल. मुक्काम आला की खोलीचं भाडं आलं, जेवण आलं, चार पैसे गावात राहिले. गावच्या इस्पितळातल्या एका अधिकाऱ्याने बजावलं की एवढ्या उंचीवर कुणीतरी जिवाला मुकेल. त्यावर, मग तर आपलं गाव प्रसिद्धच होईल, असं उत्तर क्लाउबर यांनी दिल्याची गोष्ट तिथे अजून सांगतात. खाणकामगाराचा विनोद हा असा असतो. १९८३ मध्ये पहिली शर्यत झाली. धावायला ४५ जण उभे राहिले, त्यांतले १० जण शेवटपर्यंत पोचले.

आता सायकलचं पाहू. डोंगरात चालवायची सायकल ही कुठल्या कारखान्याच्या आराखड्यातून निघालेली नाही. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसच्या परिसरात काही तरुण मंडळी भंगारातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने उतारावर सोडत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी तिथे शर्यत लावली. तिचं नाव ‘रीपॅक’. मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस उतरता उतरता तापून जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागे, म्हणून हे नाव. पुढे जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सांगाडा घडवला, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकायला सुरुवात केली. वीसच वर्षांत, १९९६ मध्ये, हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पोचला. सायकल दुरुस्तीच्या दुकानात ज्यांनी लहानपणी तासन्‌तास काढले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. मोडक्यातून नवं घडवणारे हात जगात सगळीकडे सारखेच.

लेडव्हिलने १९९४ मध्ये ही सायकल आपल्या शर्यतीत आणली. ऑगस्टमधल्या एका शनिवारी कडाक्याच्या थंडीत पहाटे स्वार रांगेत उभे राहतात आणि बंदुकीच्या बाराने शर्यत सुटते. जुन्या खाणींकडे जाणारे दगडगोट्यांचे रस्ते, एकामागून एक चढ. अर्ध्यावर कोलंबाइन खाणीचा चढ लागतो. तो बारा हजार फुटांच्याही वर नेतो, म्हणजे जवळपास आपल्या रोहतांग खिंडीच्या उंचीला. तिथून आल्या वाटेनेच परत फिरायचं. परतीला, सुमारे ऐंशी मैल झाल्यावर, विजेच्या तारांखालचा एक उभा चढ येतो. तिथे बहुतेक जण उतरून सायकल ढकलतात. हवा विरळ, दम पुरत नाही, पायांत गोळे येतात. बारा तासांच्या आत परतलं तर कमरेच्या पट्ट्याला लावायचं चांदीच्या रंगाचं बक्कल मिळतं. नऊ तासांच्या आत आलात तर मोठं बक्कल.

त्या बक्कलासाठी येणारे बहुतेक लोक नोकरदार, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार असतात. वर्षभर पहाटे उठून सराव करायचा आणि प्रवेशासाठी सोडतीत नाव निघण्याची वाट पाहायची. नामांकित खेळाडूही येतात. डेव्ह वीन्स या कोलोरॅडोच्याच स्वाराने २००३ पासून सलग सहा वर्षं ही शर्यत जिंकली. २००८ मध्ये तर त्याने लान्स आर्मस्ट्राँगला मागे टाकलं. पुढच्या वर्षी आर्मस्ट्राँग जिंकला आणि लेडव्हिलचं नाव जगभर गेलं. त्याच आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांमुळे काढून घेण्यात आली, हेही इथे नोंदवलं पाहिजे.

घाट चढणाऱ्या सायकलस्वाराचं कौतुक आपल्यालाही आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे तीन हजार मैलांची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. तो रस्ता डांबरी असला, तरी कोलोरॅडोचे डोंगर त्यांनाही चढावे लागले. हे सगळे व्यवसाय सांभाळून सायकल चालवणारे.

पण मग शर्यतीने गाव वाचलं का? उत्तर सरळ नाही. मुक्कामाला माणसं येऊ लागली, हे खरं. शर्यतीशी जोडलेल्या निधीतून गावच्या शाळेतून पुढे शिकायला जाणाऱ्या मुलांना मदत मिळू लागली, हेही खरं. पण खाणीत पगार वर्षभर मिळायचा, शर्यतीची गर्दी उन्हाळ्यापुरती. गावातले कितीतरी लोक रोज खिंड ओलांडून श्रीमंत पर्यटनस्थळी कामाला जातात. २०१० मध्ये शर्यत एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्या वर्षीच्या जनगणनेत गावाची वस्ती जेमतेम अडीच हजारांवर होती. २०१२ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी माणसांनिशी.

तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. शाहीर अमर शेखांचा आवाज ज्या गिरणगावात घुमला, तिथल्या जमिनीचं काय करायचं, हे ठरवताना गिरणी कामगाराला कुणी विचारलं नाही. तिथे मनोरे आणि मॉल झाले. कामगारांना घरं मिळावीत म्हणून पुढे वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. लेडव्हिलमध्ये गावाकडे काय उरलं आहे, याचा विचार एका खाणकामगाराने केला. उरले होते डोंगर, जुने रस्ते आणि दमसास. त्याने त्यांचाच उपयोग केला. पुढे तो राज्याच्या विधिमंडळातही निवडून गेला.

क्लाउबर यांच्या सहकारी मेरिली मॉपिन वर्षानुवर्षं शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर उभ्या राहत. येणाऱ्याला मिठी मारून गळ्यात पदक घालत. पहिल्या आलेल्याला जशी, तशीच शेवटच्याला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, चिखलाने माखलेल्या शेकडो अनोळखी माणसांना.