हेमाद्रीची ‘आयुर्वेदरसायन’ टीका आणि विपाकविचार

हेमाद्रि पंडिताचें नांव निघालें कीं ‘चतुर्वर्गचिंतामणि’, हेमाडपंती देवळें व मोडी लिपि यांचें स्मरण होतें. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं असलेल्या या करणाधिपानें वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीकाही लिहिली, हें मात्र बहुधा एका ओळींत उरकलें जातें. मूळ ग्रंथाच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. औषध पोटांत गेल्यावर त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न तेथें चर्चिला आहे.

वाग्भटाचें मत थोडक्यांत असें: द्रव्याचा रस जिभेस तत्काळ कळतो, जाठराग्नीच्या योगानें परिणामीं जो निराळा रस उत्पन्न होतो, तो विपाक. मधुर व लवण यांचा विपाक मधुर, अम्लाचा अम्ल. तिक्त, कटु व कषाय यांचा बहुधा कटु. येथें ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण सुंठ जिभेस तिखट असूनही तिचा विपाक मधुर मानला आहे. सुश्रुत तर दोनच विपाक मानतो. चरकाच्या मतें विपाक प्रत्यक्ष दिसत नाहीं, कार्यावरून ताडावा लागतो. दंती व चित्रक रसादिकांनीं समान असतां दंती तेवढी रेचक कां, याचें उत्तर नियमांत सांपडेना, म्हणून ‘प्रभाव’ ही संज्ञा आली. नियमाची मर्यादा अशी उघड मान्य करणें, हें आम्हांस या शास्त्राचें भूषण वाटतें.

विपाक म्हणजेच आधुनिक चयापचय, असें समीकरण कित्येक मांडतात. तें आम्हांस मान्य नाहीं. सोनामुखीचें उदाहरण घ्या. तिच्यांतील सेनोसाइड हीं द्रव्यें लहान आंतड्यांतून बहुतांशी तशींच पुढें जातात. मोठ्या आंतड्यांतील जंतूंनीं त्यांचें विघटन केल्यावरच रेचक द्रव्य तयार होतें. अनेक औषधांचें रूपांतर यकृतांत होऊन मूत्रपिंडांवाटे त्यांचें उत्सर्जन होतें. हें ज्ञान रसायनशास्त्रीय प्रयोगांनीं व मोजमापांनीं मिळालें. सहा रसांच्या परिभाषेंतून तें काढतां येत नाहीं. जिभेवर जें कळतें तेंच शरीरांत टिकतें असें नाहीं, एवढी जाणीव दोहोंस समान आहे. प्रश्न जुना, उत्तरें भिन्न. दोन्ही आपापल्या जागीं ठेवण्यांतच दोहोंचा मान राहतो.

निर्णयसागर छापखान्याच्या १९३९ च्या आवृत्तींत अरुणदत्ताची टीका संपूर्ण आहे, हेमाद्रीची मात्र कांहीं भागांवरच. म्हणून कळमेश्वर, सावनेर, काटोल या बाजूस कोणाच्या घरीं वैद्यकाचें जुनें बाड असल्यास, तें केवळ औषधांची यादी समजून रद्दींत टाकूं नये. सुटीं पानें क्रमानें बांधावीं, समासांतील टिपा पुसूं नयेत, आणि आरंभ व पुष्पिका उतरून घ्यावी. हेमाद्रीच्या टीकेचा उरलेला भाग मिळाला तर तो अशाच बाडांतून मिळेल.